कच्चा कांदा चालतो

चैत्र सरत आला, की बाजारात कांद्याचे ढीग पडतात आणि माझं डोकं तापायला लागतं. घरच्यांना वाटतं, उन्हामुळे. मी तसंच समजू देते.

परवा सुनेनं पाच किलो कांदा आणला. घरीच हॉटेलसारखी भाजी करायची म्हणून तिनं मोबाइलवर एका बाईचं शिकवणं लावलं आणि ओट्याशी उभी राहिली. मोबाइलमधली बाई हसत हसत सांगत होती, कांद्याची तयारी आधी नीट करून घ्या, मग बाकी सगळं सोपं. मी पावशी ओढली आणि खाली बसले. विळीला पावशी म्हणणारी आता घरात मी एकटीच उरले आहे. दहा-बारा कांदे चिरून झाले तेव्हा सून म्हणाली, "आई, केवढ्या रागानं चिरता तुम्ही."

"कांदा मी रागानंच चिरतो," मी आमच्या बोलीत म्हटलं; तिकडे बायाही 'चिरतो'च म्हणतात.

ती हसली. मी हसले नाही.

एवढ्या वर्षांत हा राग निवायला हवा होता, असं लोक म्हणतील. म्हातारपणी माणसानं माफ करायला शिकावं, असं आमच्या विहारात येणारे एक निवृत्त गुरुजी नेहमी सांगतात. मी तिथं मान हलवते. घरी येते, कांद्याचं साल काढते, आणि एका क्वार्टरचं मागचं दार डोळ्यांपुढे उभं राहतं.

गडचिरोली तेव्हा नवंनवं जिल्ह्याचं गाव झालं होतं. ऐंशीचं दशक निम्म्यावर आलेलं. कचेऱ्या भाड्याच्या घरांतून भरायच्या. सातारा-पुण्याकडून बदलून आलेले साहेबलोक एसटीतून उतरायचे ते शिक्षा झाल्यासारखं तोंड करून. शेवटच्या घरापलीकडे जंगल लागायचं. सकाळी मोहफुलं पडायची आणि अख्ख्या गावाला त्यांचा गोडसर, थोडा आंबूस वास यायचा. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. उन्हात निघणारा माणूस लू लागू नये म्हणून खिशात एक पांढरा कांदा ठेवायचा. गावात खायला म्हणाल तर बसस्टँडवरचा चहा आणि आलूबोंडा. टेबलाशी बसून लाल तर्रीची भाजी खायची, तर चंद्रपूर नाहीतर नागपूर गाठावं लागे.

ती भाजी मला येत होती.

माझे बाबा चंद्रपूरला एका सरदारजीच्या हॉटेलात भट्टीवर होते. आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा बाबा अंगानं धिप्पाड, पण हातात कसब नसलेले तरुण होते. कसब त्यांना त्या भट्टीनं दिलं. पुढे टेबलांवर सगळ्या जातींची माणसं बसायची, बोटं चाटायची. भट्टीवर कोण आहे, हे कुणी विचारत नसे. सरदारजीला तर त्याची फिकीरच नव्हती. शाळा सुटली की मी मागच्या दारानं बाबांकडे जायची आणि पोत्यावर बसून कांदे सोलायची.

"मसाला कोणीबी टाकते," बाबा म्हणायचे. "कांदा समजला पायजे."

बाबांचा कांदा तीन प्रकारचा असे. पांढऱ्या रश्शासाठी कांद्याचे चार तुकडे करून ते उकडायचे, पाणी फेकून द्यायचं म्हणजे उग्रपणा जातो, मग पाट्यावर लोण्यासारखं वाटायचं. लाल रश्शासाठी उभा चिरायचा. सगळ्या फोडी एका जाडीच्या, नाहीतर निम्म्या जळतात आणि निम्म्या कच्च्या राहतात. त्या फडक्यावर पसरून वाऱ्यावर सुकवायच्या, मग तळायच्या आणि बदामी रंग येण्याच्या जरा आधीच बाहेर काढायच्या, कारण तेलातून काढल्यावरही कांदा आतल्या आत शिजत राहतो. तिसरा बारीक चिरलेला. तो मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतायचा. अर्धा तास लागो, पाऊण तास लागो, हात थांबवायचा नाही. मग त्यात दुसरा, दह्याबरोबर वाटलेला, घालायचा. घाई केली की कच्चेपणा राहतो, आणि मग वरून कितीही तूप ओता, तो जिभेला कळतोच.

हे सगळं मी लग्न होऊन येताना गडचिरोलीला घेऊन आले. वामन, माझा नवरा, रस्त्याच्या कामावर चेनमन होता. मोजणीची साखळी ओढत साहेबामागे जंगल तुडवायचं, हे त्याचं काम. तेही मस्टरवर, म्हणजे काम असेल तोवर. चार वर्षं तो कायम होण्याची वाट बघत होता आणि ते सगळं एका ओव्हरसियरच्या शिफारशीवर अडलं होतं.

धानोऱ्याकडे मोजणी चालू असताना एक दिवस ओव्हरसियरसाहेबाचा डबा आला नाही. वामननं आपला डबा पुढे केला. माझ्या हातची अंड्याची भाजी होती. साहेबानं खाल्ली. जंगलात बघायला कोण होतं? साग, मोह आणि माझा नवरा. मग आठवड्यातून दोनदा साहेबाचा डबा घरी राहायला लागला. मी वामनच्या डब्यात दोन अंडी जास्त घालायला लागले. मला अभिमान वाटायचा. तो आठवला की आज माझे कान तापतात.

घरी जाऊन साहेबानं बायकोला काय सांगितलं, मला माहीत नाही. खाल्ली असं तर सांगितलं नसणार. वास आला, असं म्हणाला असेल. पण होळी झाली आणि तिचा निरोप आला, वामनच्या बायकोला पाठवून दे, मला ती हॉटेलसारखी भाजी शिकायची आहे.

तिचं नाव सुनंदा. गाव तिला ओव्हरसियरबाई म्हणे. साताऱ्याकडची. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, गोरी, बोलकी, आणि फार एकटी. माहेरचं पत्र यायला आठ-दहा दिवस लागत, ते ती मला वाचून दाखवी. हे मी मुद्दाम लिहिते. ती दुष्ट असती, तर माझा राग सोपा झाला असता.

पहिल्या दिवशी तिनं मला मागच्या अंगणात बसवलं, चहा दिला. कप भिंतीतल्या कोनाड्यातला होता, कान तुटलेला, इतर भांड्यांपासून वेगळा ठेवलेला. मला ते दिसलं. मला ते कळलं. आणि मी तो चहा प्यायले. मग मी कांदा चिरला, उभा, एका जाडीचा. ती म्हणाली, "अगंबाई, मशीननं कापल्यासारखा दिसतोय." मी परात उचलली आणि आत जायला निघाले, तशी ती दारात आली. तिनं ढकललं नाही, काही वाईट बोललीही नाही. आवाज उलट मऊ केला.

"प्रमिला, तू इथूनच सांग हं मला. आत देव आहेत. कच्चा कांदा चालतो गं. शिजवायला लागलं की मग सासूबाईंचं सगळं आड येतं."

तिची सासू साताऱ्यात होती.

मी दाराबाहेर उभी राहून सांगायला लागले. आता घाला. आता आच कमी करा. आता हलवा, बाई, हात थांबवू नका. त्या दारातून मला तिची पाठ, स्टोव्ह आणि देवाचा फळीवरचा दिवा एवढंच दिसे. कांदा मला दिसत नसे. मी तो वासावरून ओळखायची. कांद्याचा वास आधी नाकात चढतो, मग गोड होतो, मग त्यात भाजल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी येतं, आणि तिथं थांबायचं असतं. बाहेर उभी राहून मी तिला आतला रंग सांगायची आणि तो बरोबर निघायचा. तिला याचं मोठं कौतुक. सगळ्या कॉलनीत ती सांगे, वामनच्या बायकोचं नाक बघा.

पुढे दर रविवारी हेच. एकदा चिरताना माझं बोट कापलं. रक्ताचे थेंब परातीत पडले. तिनं माझ्या बोटाला हळद लावली, चिंधी बांधली आणि वरचे कांदे धुऊन घेतले. ते चाललं. मी त्या दिवशी घरी येईपर्यंत एकच विचार करत होते. माझा घाम चालतो. माझं रक्त धुऊन चालतं. मग चालत नाही ते नेमकं काय? आग तर तिच्याच घरची होती.

वामनला सांगितलं. तो दाराशी बसून चपलेचा अंगठा शिवत होता.

"नोको जाऊ मंग," तो म्हणाला.

"नाई गेलो तं साहेब काय म्हणन?"

त्यानं दोरा ओढून गाठ मारली. मग म्हणाला, "जूनमदी कायमची यादी जाते म्हणते."

मी जात राहिले. दोष देताना मी स्वतःला सोडत नाही. रविवारची मला ओढही लागली होती, कारण माझी विद्या कुणीतरी मागत होतं. ओव्हरसियरबाईचं नाव झालं. बायका तिच्याकडे वाट्या घेऊन येऊ लागल्या. मी अंगणात सालं भरत असायची आणि आतून ऐकू यायचं, "सुनंदावहिनी, काय हात आहे हो तुमचा."

मेच्या मध्यावर नागपूरहून मोठे साहेब दौऱ्यावर येणार होते. रविवारी दुपारचं जेवण ओव्हरसियरकडे, पंचवीस माणसांचं. मी सकाळी सहाला जाऊन बसले. पंधरा किलो कांदा. नऊपर्यंत माझ्या डोळ्यांतलं पाणी संपलं होतं. उकडायचा वेगळा, तळायचा वेगळा, बारीक चिरायचा वेगळा. हाताची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. अकराच्या सुमाराला बाईनं तिसरा कांदा मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, परतायला घेतला. तो निम्मा झाला असेल, तेवढ्यात पुढे जीपचा हॉर्न वाजला. बाईनं पदर सारखा केला, पाण्याचा तांब्या घेतला आणि "दोन मिनिटं" म्हणून पुढे गेली.

दोन मिनिटांची पाच झाली. पुढे हसणं, खुर्च्या ओढल्याचे आवाज. इकडे वास बदलायला लागला. गोडाच्या मागून एक कडवट धागा आला.

"बाई, कांदा लागून राह्यला," मी हाक मारली. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, मोठ्यानं. कुणी आलं नाही.

मी तेव्हा देवांचा विचार केला नाही. नवऱ्याच्या यादीचाही केला नाही. पंधरा किलो कांदा मी सकाळपासून चिरला होता आणि तो आता दोन पावलांवर जळत होता. मी आत गेले.

सांडशीनं गंज खाली उतरवला. तळ न खरवडता वरचा सगळा कांदा दुसऱ्या भांड्यात काढला, पाण्याचा हबका मारला, पुन्हा चढवला आणि परतायला लागले. कुणीच येत नव्हतं. मी थांबले नाही. तेल सुटलं तसा तळलेला वाटून घातला, मग मसाला, मग पाणी. रश्शावर लाल तवंग आला. खोटं कशाला बोलू, त्या अर्ध्या तासात मी सुखात होते. बाबांच्या शेजारी उभी असल्यासारखी.

बाई आत आली आणि जागीच थांबली. तिनं मला पाहिलं, गंजाकडे पाहिलं, फळीवरच्या देवांकडे पाहिलं.

"तू आत कशी आलीस?"

"जळत होता, बाई."

"हाक मारायचीस."

"मारली. तीनदा."

पुढून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, वासानंच भूक वाढली हो." मला वाटलं, आता ती सगळा गंज मोरीत ओतणार. ती हळूच म्हणाली, "बाहेर हो." आणि वाट्या भरायला लागली.

मी अंगणात सालींच्या ढिगाशी बसले. पहिली पंगत जेवायला लागली. मग बाई बादली घेऊन आली आणि जिथं जिथं माझे पाय पडले होते, तिथली फरशी तिनं ओल्या फडक्यानं पुसली. तांब्याच्या पेल्यातलं पाणी शिंपडलं. उदबत्ती लावली. मग तिनं हात धुतले, त्याच गंजातून वाढप्याचं भांडं भरलं आणि पुढे घेऊन गेली.

फरशी धुतली. रस्सा ओतला नाही. माझ्या पायांचा विटाळ झाला आणि हातांचा झाला नाही, कारण हातांचं काम पंचवीस जणांना लागणार होतं.

पुढे मोठ्या साहेबांचा आवाज आला, "आचारी कुठून आणला? नागपूरचा दिसतो."

"आचारी कुठला?" बाई म्हणाली. "मीच केलंय सगळं."

मी उठले. स्वयंपाकघरातून गेले नाही. घराला वळसा घालून, पंगत बसली होती त्या पुढच्या व्हरांड्याच्या पायऱ्यांशी गेले. वामन कडुनिंबाखाली जीपजवळ उभा होता. त्यानं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"साहेब," मी म्हटलं, "हा रस्सा मी केला. कांदा मी चिरला अन् शिजवला बी मीच. मी वामन चेनमनची बायको."

सगळे थांबले. घास हातातच राहिले. एकानं ताट बाजूला सरकवलं. दुसऱ्यानं शेजाऱ्याकडे पाहिलं. मोठ्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि मान खाली घालून पुढचा घास घेतला. तो माणूस कोण, कुठल्या जातीचा, मला कधी कळलं नाही. ओव्हरसियरनं मात्र, ज्यानं जंगलात बसून माझे कितीतरी डबे रिकामे केले होते, त्यानं पेल्यातलं पाणी ओतून भरल्या ताटात हात धुतला. सगळ्यांना दिसेल असा. रश्शावरचा लाल तवंग त्या पाण्यात फुटून पसरला.

आज मला कुणी राग सोडायला सांगितलं की मी ते ताट आठवते.

जूनच्या यादीत वामनचं नाव नव्हतं. मस्टरवरूनही ते गेलं. काम कमी झालं, एवढंच सांगितलं. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "माह्यावर राग आहे का?"

"तुह्यावर काऊन राहीन?" तो म्हणाला. "त्यानं माह्या डब्यातलं किती खाल्लं, हे तिथंच सांगाले पायजे होतं मी. तू बोलून राह्यली अन् मी जीपपाशी उभा राह्यलो. त्याचा राग आहे."

पुढे आम्ही कसं निभावलं, ते इथं लांबवत नाही. वामन सिंदेवाहीकडे धानाच्या कामाला गेला. मी कोर्टाजवळ चार बाकं टाकून खानावळ सुरू केली. ती चालली. लोक म्हणतात, बघ, झालं ते चांगल्यासाठीच झालं. मला हे वाक्य सहन होत नाही. ज्याला चार वर्षं जंगलात राबवलं, त्या माणसाची नोकरी एका दुपारी गेली. त्यात चांगलं काहीही नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आधी, ओव्हरसियरची बदली झाली. सामानाचा ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता. दुपारी चारच्या उन्हात, डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई आमच्या वस्तीत आली आणि माझ्या दारासमोर थांबली. मी चुलीशी होते.

"या," मी म्हटलं.

मला वाटलं, ती बाहेरूनच बोलेल. ती चपला काढून आत आली आणि मी दिलेल्या पाटावर बसली. बराच वेळ माझ्या भांड्यांकडे बघत राहिली.

"मी दोनदा करून पाहिलं," ती म्हणाली. "दोन्ही वेळेला कडू झालं. त्या दिवशी तू आत येऊन काय केलंस?"

सांगू नये, असं मनात आलं. पण बाबांनी आपली विद्या कुणापासून राखून ठेवली नव्हती. मी सांगितलं. कांदा लागला तर तळ कधी खरवडायचा नाही, भांडं बदलायचं, पाण्याचा हबका मारायचा आणि घाबरायचं नाही. मग चुलीवरचं अंड्याचं कालवण आणि भात ताटात घालून तिच्यापुढे ठेवला. मी आग्रह केला नाही. ती जेवली. खाली मान घालून. भात पुन्हा घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मी एकटी असते ना, तर तुला पहिल्याच दिवशी आत घेतलं असतं," ती म्हणाली.

मी त्यावर निम्मा विश्वास ठेवला. निम्मा आजही ठेवते. तिनं अंगणात जाऊन आपलं ताट स्वतः धुतलं, भिंतीला टेकवून ठेवलं. त्या क्षणी माझा राग खरोखर निवत आला होता. चपला पायात घालताना ती वळली आणि हळू आवाजात म्हणाली, "प्रमिला, मी इथं जेवले हे कुणाला कळू देऊ नकोस हं."

मी उंबऱ्यापर्यंत आले.

"सांगीन, बाई," मी म्हटलं.

"अगं, पण ह्यांना कळलं तर—"

"जो विचारन त्याले सांगीन. नाई विचारन त्याले बी सांगीन."

तिनं पदर कपाळाच्या खाली ओढला आणि वस्तीच्या मागच्या वाटेनं निघून गेली. त्या संध्याकाळी बोअरिंगवर पाण्याला चार बायका होत्या. मी घागर खाली ठेवली आणि त्यांना सांगितलं.